भाड्याच्या घरातून हळूहळू मालमत्ता: नाशिकच्या एका फ्लॅटचा पूर्ण हिशेब

राहते घर झाले, मुलांची शाळा मार्गी लागली आणि हाताशी पंधरा-वीस लाख रुपये जमले, की नाशिकमधल्या अनेक नोकरदार कुटुंबांत पुढचा विचार ठरलेला असतो. आणखी एक फ्लॅट घ्यावा, तो भाड्याने द्यावा आणि भाड्यातून हप्ता परस्पर सुटत राहावा. घर ही डोळ्यांना दिसणारी मालमत्ता असल्यामुळे या विचाराचे आकर्षण मोठे आहे आणि तो मुळात चुकीचाही नाही. मात्र ‘भाड्यातून हप्ता सुटतो’ हे गृहीतक आजच्या किमती आणि व्याजदर पाहता टिकत नाही, आणि त्याच गृहीतकावर घर घेतलेल्या कुटुंबाची पुढची कितीतरी वर्षे ओढाताणीत जातात. म्हणून भाड्याच्या घरातून संपत्ती नेमकी कशी तयार होते, त्यातला कोणता भाग आपल्या हातात असतो आणि कोणता नसतो, हे एका हिशेबाच्या आधाराने समजून घेऊ.

अशा घरातून पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट दरमहा मिळणाऱ्या भाड्याची, दुसरी हप्त्यातून फिटत जाणाऱ्या मुद्दलाची आणि तिसरी घराच्या वाढत्या किमतीची. बोलताना या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या जातात, पण त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. मुद्दलाची फेड हा उत्पन्नाचा भाग नाही, कारण तो पैसा बहुतांशी आपल्याच पगारातून जातो. ती सक्तीची बचत आहे. भाववाढ आपल्या हातात नसते आणि घर विकेपर्यंत ती कागदावरच राहते. उरते ते भाडे, आणि तेही खर्च वजा जाता उरलेले निव्वळ भाडे.

उदाहरणासाठी इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूचा एक जुना टू बीएचके फ्लॅट चाळीस लाखांना मिळाला, असे धरू. हे आकडे केवळ हिशेब मांडण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. मुद्रांक शुल्क आणि त्यावरचा स्थानिक अधिभार मिळून सुमारे सहा टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये लागतील. घर घरातल्या महिलेच्या एकटीच्या नावावर घेतले, तर राज्य सरकारने निवासी मिळकतीसाठी दिलेली एक टक्क्याची सवलत मिळते आणि तेवढ्याने चाळीस हजार वाचतात. नोंदणी शुल्क एक टक्का असले तरी त्याची कमाल मर्यादा तीस हजार आहे. एजंटचे चाळीस हजार, वकील आणि सोसायटीच्या हस्तांतराचे पंचवीस हजार, रंग, नळ, विजेची दुरुस्ती आणि पंखे यांचे पंच्याऐंशी हजार धरले, तर चाळीस लाखांचा फ्लॅट प्रत्यक्षात ४४ लाख २० हजारांना पडतो. हे वरचे ४ लाख २० हजार जाहिरातीत दिसत नाहीत आणि बँकही सहसा त्यासाठी कर्ज देत नाही.

आता भाड्याकडे वळू. महिना ११ हजार भाडे मिळाले तर वर्षाचे १ लाख ३२ हजार होतात आणि चाळीस लाखांवर हा परतावा ३.३ टक्के दिसतो. एजंट सांगतो तो हाच आकडा. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स वर्षाला १८ हजार, भाडेकरू ठेवल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क दीड हजार, घरपट्टी सहा हजार, दुरुस्तीचे सरासरी नऊ हजार, करारनामा आणि नवा भाडेकरू शोधण्याचा खर्च पाच हजार, आणि दोन भाडेकरूंच्या मध्ये घर एक महिना रिकामे राहते म्हणून बुडालेले ११ हजार, असे ५० हजार ५०० रुपये वजा होतात. हाती उरतात ८१ हजार ५००. हा आकडा खऱ्या गुंतवणुकीशी, म्हणजे ४४ लाख २० हजारांशी ताडून पाहिला, तर परतावा १.८४ टक्के येतो. घर घेण्याचा निर्णय या आकड्यावर व्हायला हवा आणि तो ३.३ वरच केला जातो, इथेच पुढच्या अडचणींचे मूळ असते.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. आपण सावधपणे २८ लाखच घेतले, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर हप्ता येतो सुमारे २४ हजार ३०० रुपये. भाडे ११ हजार. खर्च वजा जाता उरलेले निव्वळ भाडे जेमतेम ६ हजार ८००. म्हणजे दरमहा साधारण साडेसतरा हजार रुपये आपल्या खिशातून जाणार आहेत, आणि हे सुरुवातीला घातलेल्या १६ लाख २० हजारांच्या व्यतिरिक्त.

पहिल्या वर्षी भरलेल्या २ लाख ९१ हजारांपैकी मुद्दलात फक्त ५६ हजारांच्या आसपास जमा होतात. उरलेले सगळे व्याज. दहा वर्षे, म्हणजे निम्मी मुदत उलटून गेली तरी २८ लाखांपैकी जेमतेम ८ लाख ४० हजार फिटलेले असतात आणि १९ लाख ६० हजार शिल्लक असतात. भाडे दरवर्षी न चुकता पाच टक्क्यांनी वाढवत नेले, तरी भाड्याचा आकडा हप्त्याच्या पुढे जायला अठरावे वर्ष उजाडते. तेव्हा भाडे हप्त्याला हातभार लावते, हप्ता भरतो तो आपला पगार. घर घेण्याआधी घरातल्या दोघांनी ही गोष्ट एकमेकांशी स्पष्ट बोललेली बरी.

मग कर्ज काढून घर घेणे तोट्याचेच का? तसे नाही, त्याला एक साधी कसोटी आहे. निव्वळ भाड्याचा टक्का आणि घराच्या भाववाढीचा टक्का यांची बेरीज कर्जाच्या व्याजदरापेक्षा जास्त असेल, तर कर्ज आपल्यासाठी काम करते. कमी असेल, तर आपण कर्जासाठी काम करतो. वरच्या उदाहरणात निव्वळ भाडे दोन टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे साडेआठ टक्क्यांचे कर्ज परवडण्यासाठी घराची किंमत दीर्घकाळ, सरासरीने, वर्षाला साडेसहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढायला हवी.

किंमत वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली असे धरू. दहा वर्षांनी फ्लॅट ६५ लाखांचा होईल, उरलेले कर्ज वजा जाता साडेपंचेचाळीस लाख आपले होतील. चाळीसचे पासष्ट झाले, हे ऐकायला फार छान वाटते. पण तोवर आपण सुरुवातीचे १६ लाख २० हजार आणि दरमहाच्या तुटीपोटी सुमारे १८ लाख ९० हजार, असे ३५ लाखांहून अधिक घातलेले असतात, आणि त्यावरचा परतावा वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के पडतो. तेच घर कर्जाशिवाय घेतले असते तर तो सहा टक्क्यांच्या जवळपास गेला असता. उलट किंमत आठ टक्क्यांनी वाढली, तर कर्ज काढूनही परतावा साडेआठ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. तिन्ही आकडे विक्रीचा खर्च आणि कर धरण्यापूर्वीचे आहेत. पाच आणि आठ टक्के या फरकावर एवढे अवलंबून असते, आणि नेमका तोच भाग आपल्या हातात नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबाने भाववाढीच्या भरवशावर कर्ज वाढवू नये. निव्वळ भाडे कुठे वाढवता येईल हे आधी पाहावे.

निव्वळ भाडे वाढवण्याच्या बाबतीत नाशिक बरे शहर आहे, कारण इथे भाड्याने राहणारा माणूस कोण आणि तो कुठे काम करतो हे बऱ्यापैकी सांगता येते. अंबड आणि सातपूर या दोन औद्योगिक वसाहतींतल्या पाळीवर जाणाऱ्या कामगाराला कारखान्याजवळ लहान जागा हवी असते, म्हणून सिडको, पाथर्डी फाटा, श्रमिकनगर या भागांत वन रूम किचन आणि वन बीएचके रिकामे राहत नाहीत. नाशिकरोडला प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थपत्र मुद्रणालय आहेत, शिवाय पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्यांना स्टेशनजवळचे घर हवे असते. आडगाव आणि अमृतधामच्या बाजूला वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी आहेत. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड हे शहरातले महागडे भाग आहेत, पण तिथे घराची किंमत जेवढी चढते तेवढे भाडे चढत नाही. तिथला फ्लॅट राहायला उत्तम, भाड्याच्या हिशेबात तो सहसा मागे पडतो. घर मोठे आणि नवे तितका भाड्याचा टक्का कमी, हे सूत्र बहुतेक शहरांप्रमाणे इथेही लागू पडते. पंधरा वर्षे जुन्या पण नीट राखलेल्या सोसायटीतले वन बीएचके दिसायला साधे असते, तरी भाड्याच्या हिशेबात ते नव्या टू बीएचकेला मागे टाकते.

याहून चांगला मार्ग ज्यांच्याकडे आधीच स्वतःचे रो-हाऊस किंवा लहान बंगला आहे त्यांना उपलब्ध असतो, आणि त्याकडे आश्चर्य वाटावे इतके दुर्लक्ष होते. पाया भक्कम आहे असे स्थापत्य अभियंत्याने तपासून सांगितले, चटईक्षेत्र, म्हणजे त्या जागेवर बांधता येणारे क्षेत्र, शिल्लक असले आणि महापालिकेची परवानगी मिळाली, तर वरच्या मजल्यावर पाचशे चौरस फुटांचे स्वतंत्र जिन्याचे घर बांधता येते. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला दोन हजार धरला तर दहा लाख लागतील. साडेसात हजार भाडे आले आणि वर्षाचा खर्च वीस हजार झाला, तरी ७० हजार हाती राहतात, म्हणजे निव्वळ सात टक्के. वरच्या फ्लॅटमध्ये चौपटीहून अधिक पैसे गुंतवून मिळाले होते त्याच्या जवळपास एवढेच. हे शक्य होते कारण जमिनीचे पैसे पुन्हा मोजावे लागत नाहीत. परवानगीशिवाय मात्र हा मजला चढवू नये; त्याची अधिकृत बांधकाम म्हणून नोंद होत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही आणि पाडण्याच्या नोटिशीची टांगती तलवार कायम राहते.

सध्या नाशिकमध्ये घर विकणारा प्रत्येक जण २०२७ च्या सिंहस्थाचा उल्लेख करतो. सिंहस्थामुळे रस्ते, पूल आणि घाटांची कामे होतात आणि ती शहराकडे राहतात, हे खरे आहे. पण यात्रेकरूंसाठी लागणाऱ्या खोल्यांची मागणी पर्वकाळापुरती असते, आणि सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. मागचा २०१५ मध्ये झाला. दरमहा भाडे देणारे कुटुंब कुंभमेळ्यामुळे शहरात राहायला येत नाही, ते नोकरीमुळे येते. म्हणून सिंहस्थाच्या नावाखाली चढवलेली किंमत भाड्यात परत मिळेल असे समजू नये.

नदीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर गोदावरीच्या निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे नेहमीच्या आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराचे पाणी कुठवर येते हे दाखवणाऱ्या रेषा, आखल्या गेल्या. गोदावरी, नंदिनी किंवा वालदेवीच्या काठाजवळची मिळकत स्वस्त मिळत असेल, तर ती पूररेषेच्या आत येते का हे महापालिकेच्या नगररचना विभागातून पाहून घ्यावे, कारण निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास अडकतो आणि पुनर्विकास अडकला की वीस-पंचवीस वर्षांनंतरची किंमत गळून पडते. जुन्या नाशकातल्या वाड्यांबाबतही अशीच सावधगिरी हवी. तिथे जुने संरक्षित भाडेकरू असतील, तर कायद्याने त्यांचे भाडे वर्षाला चार टक्केच वाढवता येते आणि जागा सहजी रिकामी करून घेता येत नाही.

फ्लॅट पाहायला जाताना शक्यतो पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास जावे. बाथरूमला लागून असलेल्या खोलीची भिंत हाताने चाचपून पाहावी. रंग नवा असला तरी ओल तळहाताला कळते, आणि फक्त त्याच एका भिंतीला नुकताच रंग दिलेला असेल तर कारण विचारावे. पाणी महापालिकेचे किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे मालकापेक्षा सोसायटीचा वॉचमन अधिक खरे सांगतो. सोसायटीकडून त्या फ्लॅटची थकबाकी नसल्याचा दाखला आणि मेंटेनन्सची शेवटची पावती मागावी. त्या पावतीवर बिनभोगवटा शुल्काची रक्कमही दिसते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ती सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. कागदांत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), आधीच्या खरेदीखतांची सलग साखळी, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), आणि वकिलाने तीस वर्षांचा शोध घेऊन दिलेला अहवाल पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घर घेणार असाल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची जाहीर केलेली तारीख पाहावी, आणि पाच टक्के जीएसटी (४५ लाखांपर्यंतच्या, परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसणाऱ्या घराला एक टक्का) किमतीत मिळवावा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो लागत नाही. भाड्यासाठी घ्यायचे घर तयारच असावे असे मला वाटते, कारण ताबा दोन वर्षे लांबला तर त्या काळात भाडे शून्य असते आणि व्याज मात्र चालूच असते.

भाडेकरूबरोबरचा करार हा या साऱ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झाले, नोंदणी लागत नाही, हा समज नाशिकमध्ये अजून घट्ट आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला शिक्षेची तरतूद आहेच, शिवाय वाद उद्भवल्यास करारातल्या अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. त्याउलट नोंदणीकृत करार असेल, तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. या संरक्षणाची किंमत किती? ११ हजार भाडे, ४० हजार अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत असेल, तर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सव्वातीनशे रुपयांच्या आत येते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. शहर पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवणेही सोबतच उरकून घ्यावे. चावी देताना वीजमीटरचे रीडिंग, पंखे-गिझर आणि भिंतींची स्थिती यांचे फोटो काढून दोघांनी ते एकमेकांना पाठवून ठेवले, तर घर सोडताना अनामतीवरून होणारे बहुतेक वाद उद्भवत नाहीत. वेळेवर भाडे देणाऱ्या कुटुंबाकडून पाचशे रुपये कमी मिळाले तरी ते टिकवून धरावे. एका रिकाम्या महिन्यात त्या पाचशेंची जवळजवळ दोन वर्षे जातात.

करांबाबत थोडक्यात. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते आणि गृहकर्जाचे व्याजही वजा होते. मेंटेनन्स आणि दुरुस्तीसाठी वेगळी वजावट नाही. सुरुवातीच्या वर्षांत व्याज भाड्यापेक्षा मोठे असल्याने हिशेबात तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. नवीन करप्रणालीत पगारातून वजा होत नाही. ‘कर्ज घ्या, कर वाचेल’ हा सल्ला नवी प्रणाली निवडलेल्या नोकरदाराला त्यामुळे लागू पडत नाही.

घर घेतल्यावर किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेले असावेत, कारण भाडेकरू गेला, नोकरीत खंड पडला आणि व्याजदर वाढला या तीन गोष्टी एकाच वर्षी घडू शकतात. गृहकर्जाचा दर आता बहुधा रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दराशी, जोडलेला असतो. तो वाढला की बँक सहसा हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवते आणि कर्जदाराच्या ते लक्षातही येत नाही, म्हणून वर्षातून एकदा कर्जाचा उतारा काढून उरलेले महिने पाहावेत. दिवाळीच्या बोनसमधून दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरला, तर वीस वर्षांचे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते. या जादा रकमेवर मिळणारा परतावा म्हणजे वाचलेले साडेआठ टक्के व्याज, आणि त्यात कोणताही अंदाज नाही.

दुसरे भाड्याचे घर घेण्याची घाई पहिल्याचे भाडे त्याच्या हप्त्याला गाठण्यापूर्वी करू नये. ते लवकर गाठायचे असेल तर दोनच उपाय आहेत: सुरुवातीला कर्ज कमी घेणे किंवा मध्ये मुद्दल फेडणे. आणि पंधरा-वीस वर्षांनी विकायची वेळ आली, तर दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असलेल्या घराच्या नफ्यावर सध्या साडेबारा टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के दराने हिशेब करण्याचाही पर्याय आहे, आणि दोन्ही हिशेब सनदी लेखापालाकडून करून घेऊन जो कमी येईल तो भरता येतो. त्या हिशेबात घराच्या सुधारणांवरचा खर्चही धरला जातो, म्हणून खरेदीखत, मुद्रांक शुल्काची पावती आणि मोठ्या कामांची बिले पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये लावून ठेवावीत.